जलाशयामुळे भूकंप ‘होतो’ की नुसता ‘सुटतो’?

जिज्ञासा_७

कोयनेच्या भूकंपाविषयी वाचताना मला दोन विधाने वारंवार आढळतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एक असे की कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठवल्यामुळे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. दुसरे असे की पाण्याच्या वजनाने एवढी जमीन हादरणे शक्यच नाही. ताण खडकात आधीपासून होता आणि धरणावर विनाकारण ठपका ठेवला जातो. मी ढोबळ हिशेब करून पाहिला. शंभर मीटर खोल पाण्याचा तळावरील दाब सुमारे दहा वातावरणांइतका (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) भरतो, तर पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब साडेतेराशे वातावरणांच्या आसपास असतो. म्हणजे जलाशयाने घातलेली भर एक टक्क्याहूनही कमी झाली. एवढ्याने काय बिघडणार, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

याला जोडूनच दुसरी शंका आहे. पाण्यामुळे भूकंप खरोखर सुटत असेल, तर ज्या ठिकाणी मोठ्या भूकंपाची भीती आहे तिथे मुद्दाम थोडेथोडे पाणी सोडून, कुकरच्या शिट्टीसारखा, ताण लहान धक्क्यांवाटे मोकळा का करून घेऊ नये?

कातळ

आपला हिशेब बरोबर आहे, पण तुलना चुकीच्या गोष्टीशी झाली आहे. विभंगावर, म्हणजे ज्याला आपण सर्रास फॉल्ट म्हणतो त्या भेगेवर, एकूण किती भार आहे हा प्रश्न नाही. ती भेग घसरण्यापासून किती दूर आहे हा प्रश्न आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर दाबले गेल्यामुळे जे घर्षण निर्माण होते ते तिला थोपवून धरते आणि भूपट्टांच्या हालचालीमुळे साठत गेलेला ताण तिला सरकवू पाहतो. या दोन बलांमधला उरलेला फरक साडेतेराशे वातावरणांचा नसतो. एखादा विभंग घसरण्याच्या अगदी काठावर येऊन ठेपलेला असेल, तर तो फरक दहा वातावरणांहून कमी, कधी कधी एका वातावरणाहूनही कमी असू शकतो. मध्यम भूकंपात विभंगावरचा ताण जितका उतरतो तोही साधारण दहा ते शंभर वातावरणांच्या घरात असतो, हे लक्षात घेतले की आपले ‘एक टक्का’ एकदम क्षुल्लक वाटेनासे होते.

शिवाय यात वजनाचा वाटा दुय्यम आहे. मुख्य काम करतो तो भेगांमधल्या पाण्याचा दाब. हे पाणी वरच्या खडकाचा काही भार स्वतः पेलते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर पूर्वीइतके घट्ट दाबलेले राहत नाहीत आणि घर्षण घटते. हबर्ट आणि रूबी या अमेरिकी भूवैज्ञानिकांनी १९५९ मध्ये हे तत्त्व समजावताना एक साधा प्रयोग वापरला होता. थंड केलेला रिकामा डबा ओल्या काचेवर पालथा ठेवायचा आणि काच जेमतेम एका अंशाने कलती करायची. सुरुवातीला डबा जागचा हलत नाही. आतली हवा हळूहळू तापून प्रसरण पावली की ती डब्याचा थोडा भार उचलते आणि डबा कुणी हात न लावता सरकू लागतो. गरम पाण्याने विसळलेला पेला ओल्या ओट्यावर पालथा ठेवल्यावर तो आपोआप घरंगळत जातो, तेही याच कारणाने.

पाण्याला तिथवर पोहोचायला वाट लागते, आणि ती असते. एका खोल विंधन विहिरीतून काढलेल्या गाभ्यांच्या, म्हणजे खडकाच्या दंडगोल नमुन्यांच्या, नोंदी करण्याचे काम मी काही काळ केले आहे. पेटीत ओळीने मांडलेले ग्रॅनाइटचे दंडगोल धुऊन ठेवले की सगळे एकसारखे काळपट दिसतात. वाळू लागले की अखंड खडक पाच-दहा मिनिटांत फिका पडतो, पण भेगेची रेघ मात्र बराच वेळ गडद राहते, कारण तिथले पाणी लवकर निघत नाही. अशा भेगेवर तो दंडगोल हाताने विलग केला, तर आतल्या पृष्ठभागावर हिरवट खनिजाचा तुळतुळीत थर आणि एकाच दिशेने गेलेल्या घासल्याच्या रेघा दिसतात. हा खडक इथे पूर्वी कधीतरी सरकलेला आहे, याचा तो उघड पुरावा असतो. कोयना परिसरात गोठणे येथे खोदलेल्या तीन किलोमीटर खोलीच्या विहिरीत सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटवर्गीय जुना खडक लागला. तिथले भूकंप याच जुन्या खडकात उगम पावतात.

तेव्हा आपल्या शीर्षकाचे उत्तर ‘सुटतो’ असे आहे. ऊर्जा पृथ्वीची, वेळ पाण्याने ठरवलेली.

शंकेखोर

वरचे विवेचन सुबोध आहे, पण मला त्यात एक उडी दिसते. असे घडू शकते हे सिद्ध झाले म्हणून कोयनेत तसेच घडले हे सिद्ध होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला जवळजवळ तेवढ्याच तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. त्याच्या मुळाशी कोयनेसारखा अवाढव्य जलाशय नव्हता. दख्खनचे पठार स्वतःहूनही हादरू शकते, हे त्यातून दिसतेच. मग १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि १९६७ मध्ये भूकंप आला, एवढ्या पूर्वापर क्रमावरून कार्यकारणभाव मांडणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असे तर नाही ना?

विहीरवाला

कावळ्याची शंका रास्त आहे. एकाच कावळ्यावर कुणी निष्कर्ष काढू नये. पण इथे कावळे बरेच आहेत आणि फांदीही दरवेळी त्याच सुमारास मोडते.

कोयनेचा १९६७ चा भूकंप एकटा आलेला नाही. त्या परिसरात तेव्हापासून ५ रिश्टरहून मोठे वीसपेक्षा अधिक भूकंप झाले आहेत आणि ते सुमारे २० किलोमीटर रुंद व ३० किलोमीटर लांब अशा छोट्याशा पट्ट्यात दाटीने आढळतात. आजूबाजूच्या ५० किलोमीटरच्या परिसरात तसे दुसरे क्षेत्र नाही. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत धक्क्यांची संख्या वाढते. पाणी किती वेगाने चढले, वरच्या पातळीला किती काळ टिकले आणि त्याने आधीची कमाल पातळी ओलांडली का, या बाबींशी मोठ्या धक्क्यांचा संबंध भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला आहे. दक्षिणेकडील वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागला आणि काही वर्षांनी धक्क्यांचा एक पुंजका त्या बाजूला सरकला. किल्लारीला असा वर्षानुवर्षे चालणारा, ऋतूबरोबर चढउतार दाखवणारा क्रम नाही, म्हणून ते उदाहरण इथे लागू पडत नाही. कोयनेच्या मागेपुढे चीनमधील शिनफेंगजियांग येथे १९६२ मध्ये, झांबेझी नदीवरील करिबा येथे १९६३ मध्ये आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथे १९६६ मध्ये असेच ६ रिश्टरहून मोठे भूकंप झाले होते.

जलाशयाच्या बाबतीत अडचण अशी की तो रिकामा करून, पुन्हा भरून पाहण्याचा प्रयोग कुणी करू देणार नाही. विहिरीच्या बाबतीत तो झाला आहे. अमेरिकेतील डेन्व्हरजवळ लष्करी रसायन कारखान्याचे सांडपाणी मार्च १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबाने सोडले जाऊ लागले आणि तिथे यापूर्वी फारसे न जाणवणारे भूकंप सुरू झाले. सांडपाण्याचे प्रमाण आणि धक्क्यांची संख्या बरोबरीने चढतात-उतरतात, हे डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने १९६५ मध्ये जाहीरपणे मांडले आणि पुढच्याच वर्षी ती विहीर बंद झाली. त्यानंतर कोलोरॅडोतील रेंजली तेलक्षेत्रात अमेरिकी भूवैज्ञानिकांनी १९६९ ते १९७३ या काळात पाण्याचा दाब मुद्दाम वाढवून आणि कमी करून पाहिला. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की धक्के सुरू होत आणि पाणी उपसून तो खाली आणला की थांबत. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत निर्णायक पुरावा आहे, आणि कोयनेच्या निरीक्षणांना बळ मिळते ते त्याच्यामुळे.

याउलट २००८ च्या सिचुआन भूकंपामागे झिपिंगपू जलाशय होता, असे काहींचे म्हणणे आहे. ते मात्र वादग्रस्त आहे आणि मी ते या यादीत धरणार नाही.

कातळ

दुसऱ्या शंकेचे उत्तर राहिले होते. कुकरच्या शिट्टीची कल्पना आकर्षक आहे, पण आकडेमोडीत ती टिकत नाही. रिश्टरच्या प्रत्येक पूर्ण अंकाला मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ रिश्टरच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा काढून घ्यायला ५ चे बत्तीस, ४ चे सुमारे हजार किंवा ३ चे बत्तीस हजार धक्के द्यावे लागतील. वस्तीखाली रोज एक या हिशेबाने ३ रिश्टरचे धक्के दिले, तरी ८७ वर्षे लागतील. आणि त्यातला नेमका कुठला धक्का ३ वर थांबेल नि कुठला ५ पर्यंत धावेल, हे आपल्या हाती नसते.

हे केवळ कागदावरचे नाही. भूऔष्णिक ऊर्जेसाठी खोल, तप्त खडकात दाबाने पाणी घालून भेगा उघडतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे डिसेंबर २००६ मध्ये हे काम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच ३.४ चा धक्का बसला आणि प्रकल्प अखेर रद्द झाला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.४ चा भूकंप झाला. तो अशाच विहिरींमुळे सुटला, असा निष्कर्ष तिथल्या शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये काढला. तिथे पाणी घालण्याचे काम भूकंपाच्या सुमारे दोन महिने आधीच थांबले होते. कुकरमध्ये किती वाफ आहे आणि झाकण किती बळकट आहे, हे आपल्याला ठाऊक असते. विभंगाच्या बाबतीत दोन्ही ठाऊक नसते.

जिज्ञासा_७

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझी तुलना कुठे चुकली ते कळले. पोहांगच्या उल्लेखाने मात्र नवीन प्रश्न उभा राहिला. पाणी घालणे थांबल्यावर दोन महिन्यांनी भूकंप कसा? रेंजलीत तर दाब उतरताच धक्के थांबले होते.

विहीरवाला

रेंजलीत पाणी नुसते घालायचे थांबले नाही, ते उलट उपसले गेले, हा मोठा फरक आहे. नुसता पंप बंद केला तर विहिरीच्या तोंडाशी दाब उतरतो, पण आधी घातलेले पाणी भेगाभेगांतून बाहेर पसरतच राहते आणि वाढलेला दाब विहिरीपासून दूर असलेल्या विभंगापर्यंत काही आठवड्यांनी, महिन्यांनी, क्वचित वर्षांनी पोहोचतो. डेन्व्हरची विहीर फेब्रुवारी १९६६ मध्ये बंद झाली, तरी तिथले सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. ओक्लाहोमात तेलाबरोबर वर येणारे खारे पाणी पुन्हा खोल थरांत सोडल्यामुळे २०१५ या एका वर्षात ३ रिश्टरहून मोठे नऊशेवर धक्के नोंदले गेले. त्यानंतर पाण्यावर निर्बंध आले आणि एकूण संख्या उतरू लागली, तरी सर्वांत मोठा, ५.८ चा धक्का ३ सप्टेंबर २०१६ रोजी बसला.

पाणी घातल्याशिवायही असे घडते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीवरच्या वालुकाश्मातून १९६३ पासून नैसर्गिक वायू काढला गेला. दाब घटल्यामुळे तो थर वरच्या भाराखाली दबत गेला आणि जुन्या विभंगांच्या दोन्ही बाजूंना तो सारखा दबला नाही. १६ ऑगस्ट २०१२ रोजी तिथे ३.६ चा धक्का बसला. आकडा किरकोळ वाटतो, पण नाभी, म्हणजे धक्क्याचा जमिनीखालचा उगमबिंदू, उथळ आणि वरची माती मऊ असल्याने विटांच्या घरांना मोठ्या प्रमाणावर तडे गेले. तिथले नियमित उत्पादन १ ऑक्टोबर २०२३ रोजी थांबवण्यात आले. थरातला दाब मात्र अजून सगळीकडे सारखा झालेला नाही, आणि तो सारखा होत असताना तिथली भूकंपमापके धक्के नोंदवतच आहेत.