६०० जणांच्या स्वयंपाकघराला एकच टिल्टिंग पॅन पुरेल का?

प्रश्न

आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एका वेळी ६०० जणांचे जेवण तयार होते. जुन्या शेगड्या आणि उकळण्याचे मोठे भांडे काढून त्या जागी १५० लिटरचे एकच टिल्टिंग पॅन, म्हणजे कलते करून पदार्थ ओतता येणारे मोठे सपाट तळाचे भांडे, बसवावे, असा प्रस्ताव आहे. परतणे, उकळणे, शिजवणे आणि तळणे ही सगळी कामे त्यात होतात. अशा एका पॅनवर विसंबून राहता येईल का, आणि निवडताना नेमके काय पाहावे?

उत्तर १

लिटर बाजूला ठेवून आधी तळाचे क्षेत्रफळ पाहा. माणशी २०० मिलिलिटर सूप धरले, तर ६०० जणांना १२० लिटर लागते आणि ते वर मोकळी जागा ठेवूनही १५० लिटरच्या पॅनमध्ये मावते. परतण्याचे गणित वेगळे आहे, कारण जे तळाला टेकते तेच तांबूस होते. आमच्याकडे नवे पॅन आले त्या आठवड्यात अर्धे पॅन भरेल इतका चिरलेला कांदा एकदम ओतला गेला. तळ थंडावला, कांद्याला पाणी सुटले आणि परतला जाण्याऐवजी तो त्याच पाण्यात उकडून फिकट, गिळगिळीत झाला. तेव्हापासून आम्ही पातळ थर देऊन तीन-चार खेपांत परततो.

तुमचे जुने भांडे दुहेरी भिंतीचे, वाफेवर चालणारे असेल, तर ते काढण्याची घाई करू नका. आवरणातील वाफेचा दाब वातावरणापेक्षा अर्धा बार जास्त असला, तरी तिचे तापमान साधारण १११ अंश सेल्सिअसच राहते. म्हणूनच त्यात दाट पदार्थ सहसा करपत नाहीत, आणि त्याच कारणाने चांगले परतलेही जात नाहीत.

उत्तर २

माझ्या मते खरी अडचण वेळेची आहे. १०० लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ९.३ युनिट वीज लागते, म्हणजे १८ किलोवॉटच्या पॅनला काहीही उष्णता वाया न जाता अर्धा तास. त्यात शिजण्याचा, ओतण्याचा आणि धुण्याचा वेळ मिळवा. जेवणाआधीच्या तीन तासांचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ता करा. एकाच चौकटीत दोन पदार्थ आले, तर १५० लिटरच्या एका पॅनऐवजी ७५ लिटरची दोन घ्या. एक बंद पडले तरी जेवण अडत नाही, हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो.

तळणे यातून वगळावे. गरम तेल निवेपर्यंत पॅन अडकून पडते.

प्रश्नकर्ता

तक्ता केला, दोन ठिकाणी टक्कर होते. दुसऱ्या पॅनऐवजी कॉम्बी ओव्हन घेतला तर?

उत्तर ३

टक्कर कोणत्या पदार्थांची आहे, त्यावर ते ठरेल. वाफ आणि गरम हवा एकत्र वापरणारा हा ओव्हन १९७६ मध्ये बाजारात आला. भाजणे, वाफवणे आणि तयार अन्न पुन्हा गरम करणे तो उत्तम करतो, पण सूप किंवा रस्सा त्याला देऊ नये. भाज्या ५३० × ३२५ मिलिमीटरच्या प्रमाणित ट्रेमध्ये शिजवून त्याच ट्रेमधून वाढता येतात, त्यामुळे पॅनवरचा बराच भार उतरतो. पाणी जड असेल तर क्षार काढणारे यंत्र आधी बसवा.

आणि पॅन कोणतेही घ्या, ते कलते करून ओठाखाली तुमचे नेहमीचे भांडे बसते का, हे खरेदीपूर्वी मोजा. समोर जमिनीत जाळीची गटारही हवी, नाहीतर धुतलेले पाणी रोज आचाऱ्यांच्या पायाखाली येईल.