कथालेखन शिकवता येतं का? फोंड्यातल्या कार्यशाळेत नेमकं काय घ्यावं?

फोंडेकर
नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याला आमच्या वाचनालयातर्फे पावसाळ्यात मराठी कथालेखनाची कार्यशाळा घ्यायचं घाटतंय. रविवारी सकाळी, आठ आठवडे. हॉल फुकट आहे. पण समितीत दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, लेखन शिकवून येत नाही, ते अंगातच असावं लागतं. तेव्हा चार व्याख्यानं ठेवा, समई पेटवा, प्रमाणपत्रं वाटा आणि मोकळे व्हा. दुसऱ्या बाजूला वाटतं की शिकवता येतं, पण काय शिकवणार असं विचारलं की सगळे गप्प. येणाऱ्यांत शिक्षक, बँकेतले, दोन-तीन कॉलेजची मुलं आणि निवृत्त मंडळी असतील. दोन्ही तटांना पटेल असं काही, आणि खरंच राबवता येईल असा आराखडा, कोणी सांगेल का?

म्हापसेकर
हा वाद आपल्याकडे हजारेक वर्षांपूर्वीच घालून झालाय. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने काव्यप्रकाश या संस्कृत ग्रंथात काव्याच्या निर्मितीमागे तीन गोष्टी धरल्यात: शक्ती, निपुणता, अभ्यास. शक्ती उपजत. निपुणता येते ती लोकव्यवहार, शास्त्रं आणि आधीचं काव्य नीट न्याहाळल्याने. अभ्यास म्हणजे काव्य जाणणाऱ्याच्या हाताखाली केलेला सराव. यातलं एक निवडा असं तो म्हणत नाही; तिन्ही मिळून एकच कारण, असं बजावतो.

त्याच शतकातला, काश्मीरचाच क्षेमेंद्र तर शिष्यांची प्रतवारीच लावतो. थोडक्या प्रयत्नात जमणारा, कष्टाने जमणारा आणि काही केल्या न जमणारा. तिसऱ्या प्रकारात त्याने व्याकरणाने वाया गेलेले आणि तर्काने करपलेले लोक घातलेत, वर गाढव शिकवलं म्हणून गात नाही, असा टोलाही मारलाय. तुमच्या विरोधकांना हे वाक्य फार आवडेल. मात्र उरलेल्या दोघांसाठी त्याने सराव सांगितलेत तेही त्यांच्या कानावर घाला: अर्थाची फिकीर न करता नुसते शब्द भरून वृत्त बसवायचं, जुन्या श्लोकातले शब्द काढून त्या जागी आपले घालायचे.

अमेरिकेतली आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा 1936 पासून चालते. जगभर आज जी पद्धत वापरतात ती बरीचशी तिथली. तेही लेखन शिकवतो असा दावा करत नाहीत. लेखन शिकवता येत नाही हे अंशतः मान्य करून, असलेला गुण वाढवता येतो एवढ्या गृहीतावर त्यांचं काम चालतं.

माझं मत विचाराल तर दृष्टी देता येत नाही. पण नवख्याची कथा बहुतेक वेळा दृष्टी नाही म्हणून पडत नाही. ती दोन पानं उशिरा सुरू होते. निवेदन सुनेच्या बाजूने चाललेलं असताना मध्येच सासूच्या मनातलं कळायला लागतं. दहा वर्षं एका परिच्छेदात उरकतात आणि चहा करायला दीड पान लागतं. हे सगळं दाखवून देता येतं, आणि एकदा दिसलं की माणूस पुढच्या कथेत ते आपसूक टाळतो. पणजीत कांपालला कला अकादमीत गाणं आणि नाटक शिकवतात तेव्हा कोणी विचारत नाही, हे शिकवून येतं का म्हणून.

ताळगावकर
गाण्याची तुलना पटली नाही. गाण्यात चुकीचा सूर लागला की गुरू तिथल्या तिथे थांबवतो. लिहिणारा घरी एकटा चुकतो, आणि चूक कळेपर्यंत ती त्याला आवडायला लागलेली असते.

माझा आक्षेप वेगळा आहे. कार्यशाळेतून निघालेल्या कथा एका ठशाच्या होतात. बारा जणांना खटकलं ते प्रत्येकजण काढत जातो आणि शेवटी कोणालाच न खटकणारी, म्हणून कोणालाच न आठवणारी कथा उरते. विचित्र, ओबडधोबड पण जिवंत भाग सर्वात आधी कापला जातो. त्यापेक्षा दीपप्रज्वलनाचे पैसे वाचवा आणि एका अनुभवी संपादकाला मानधन द्या. त्याने प्रत्येक कथेवर एक पान टिपण लिहावं, समासात खुणा कराव्या, मग लेखकाशी अर्धा तास समोरासमोर बसावं. चांगल्या पुरवण्यांनी आणि दिवाळी अंकांनी लेखक घडवले ते असेच, एकेकटे.

मांडवीकाठ
ताळगावकरांचा आक्षेप खरा आहे, पण तो कार्यशाळा ढिसाळ चालवली तर लागू होतो. आराखडा देतो.

माणसं 12, त्याच्या वर एकही नको. अडीच तासांची बैठक. पहिले दोन रविवार कोणाचीही कथा घ्यायची नाही, नुसते सराव; एकमेकांची भीड चेपायला तेवढा वेळ लागतोच. पुढचे सहा रविवार प्रत्येकी दोन कथा, म्हणजे प्रत्येकाची पाळी एकदा येते. एका कथेला 45 मिनिटं, मधे चहाला 20, उरलेली 40 मिनिटं सरावाला.

कथा 2000 शब्दांपर्यंत. टाइप केलेली, ओळींत दुप्पट अंतर, उजवीकडे रुंद समास. बुधवारपर्यंत कागदावर सगळ्यांच्या हातात पडली पाहिजे. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवून भागत नाही, कारण मोबाइलवर वाचणारा समासात काही लिहीत नाही आणि रविवारी "एकंदरीत छान वाटली" एवढंच घेऊन येतो. एका कथेची साधारण 8 पानं धरा आणि झेरॉक्सचा हिशेब शुल्कातच घाला.

चर्चेच्या वेळी लेखकाने पहिलं पान मोठ्याने वाचायचं आणि मग गप्प बसायचं. अगदी गप्प. सुरुवातीला मत कोणीच द्यायचं नाही; कथेत काय घडलं ते तिघा-चौघांनी दोन-दोन वाक्यांत सांगायचं. ही पायरी लोक गाळतात, आणि खरा उपयोग हिचाच आहे. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर लेखकाला पुढचं ऐकायची गरजही उरत नाही. त्यानंतर लक्ष कुठे उडालं ती ओळ बोट ठेवून दाखवायची. कुठे पुन्हा वाचावंसं वाटलं तेही दाखवायचं. ताळगावकर म्हणतात ते ओबडधोबड जिवंत वाक्य बहुधा इथेच सापडतं, तेव्हा चर्चा चालवणाऱ्या संचालकाने त्याखाली रेघ मारून 'याला हात लावू नका' असं स्पष्ट सांगावं. उपाय सुचवायचे ते सर्वात शेवटी, आणि थोडे. "मी असतो तर शेवट असा केला असता" या वाक्याला बंदी. शेवटची 5 मिनिटं लेखकाची: त्याने प्रश्न विचारावे, खुलासे करू नयेत.

आता आपल्याकडे हमखास बिघडतं ते. गटात एखादे ज्येष्ठ सर असतात. सर बोलले की विषय संपतो, बाकीचे माना डोलावतात. म्हणून बोलायची सुरुवात वयाने सर्वात लहान माणसापासून करा, सरांची पाळी शेवटी. दुसरं, गोवा एवढासा. कथेतला भाटकार म्हणजे जमीनदार कोण, हे पाचव्या ओळीला निम्म्या लोकांनी ओळखलेलं असतं आणि चर्चा कथेवरून त्या घराण्यावर जाते. 'हे खरं घडलं का' हा प्रश्न हॉलमध्ये विचारायचाच नाही, असं पहिल्याच दिवशी सांगून टाका.

जूनच्या तिसऱ्या रविवारी सुरू केलंत तर ऑगस्टच्या सुरुवातीला आटोपतं. पुढे लांबवू नका. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तयारीत कोणी येत नाही आणि त्यानंतर जत्रांच्या नाटकांच्या तालमी लागतात, त्यात तुमचे निम्मे लेखक नट निघतील.

कुळागर
वेळापत्रक उत्तम. त्या 40 मिनिटांच्या सरावात काय घ्यायचं त्याचा एक नमुना देते. सगळ्यांना ही दोन वाक्यं द्या:

"घर विकल्याचे शांतारामला अतोनात दुःख झाले. बालपणीच्या असंख्य आठवणी त्याच्या डोळ्यांसमोर तरळल्या."

अट अशी, की 'दुःख', 'आठवण' आणि 'डोळे' हे शब्द वापरायचे नाहीत, शांतारामच्या मनात शिरायचं नाही, आणि 40 शब्दांत तोच प्रसंग लिहायचा. वेळ 12 मिनिटं. हाती असं काहीतरी लागतं:

"सही करून शांतारामने पेनाला टोपण लावलं. वकील कागद लावत होते. तो उठून परसदारी गेला, न्हाणीच्या नळाची तोटी आवळली. थेंब पडायचा थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला."

आता दोन्हींत काय बदललं ते गटाकडून काढून घ्या. पहिल्यात लेखक निकाल सांगतो, दुसऱ्यात वाचक तो स्वतः लावतो. नळ आता दुसऱ्याचा आहे हे कुठेही म्हटलेलं नाही. 'अतोनात' आणि 'असंख्य' गळाले तरी कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

पण इथे थांबलात तर तिसऱ्या रविवारी सगळ्यांच्या कथांत सगळे मुकाट्याने तोट्या आवळताना दिसतील! ताळगावकरांचा एकच ठसा तो हाच. म्हणून लगेच उलटा सराव द्या: पंधरा वर्षांचा काळ, नुसतं सांगून, 60 शब्दांत. प्रसंग उभा न करता. हा पुष्कळांना जास्त जड जातो, कारण सांगण्यालाही तपशील निवडावा लागतो. 'दिवस जात होते' याने पंधरा वर्षं जात नाहीत. कोणत्या वर्षी स्कूटर आली, कधी कुळागरातली, म्हणजे बागायतीतली, पोफळं दुसऱ्याला कसायला दिली, कधीपासून आई दार आतून लावायला विसरू लागली, असे तीन टप्पे धरले की काळ सरकतो. प्रसंग कुठे उभा करायचा आणि कुठे सांगून पुढे जायचं, हा निर्णय कळला तर निम्मी कार्यशाळा सार्थकी लागली असं मी समजेन.

आणि ताळगावकर बाब, तुमची सूचनाही घेता येईल की. कार्यशाळा संपल्यावर सुधारलेला खर्डा संपादकाकडे जाऊ दे. पहिलाच खर्डा पाठवून त्याचा वेळ खाऊ नये.

फोंडेकर
एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. झेरॉक्स आणि तोटी दोन्ही लिहून घेतलं. आणखी दोन अडचणी. एक म्हणजे संवाद. आमच्या कथांतली माणसं घरात कोंकणीच बोलणार. त्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली की नाटकी वाटतं. दुसरं, चार कवीही नाव नोंदवायचं म्हणतायत. त्यांना काय द्यायचं?

सत्तरीकर
संवादाचं सांगतो. लिहायला बसण्याआधी प्रत्येक पात्रापुढे मांडून घ्या: हा घरात कोणत्या भाषेत बोलतो, मास्तरांशी कोणत्या, पणजीच्या कचेरीत कोणत्या. मग तो नेम मोडायचा नाही. मोडलाच तर कारणाने, कारण रागाच्या भरात कोंकणीवरून मराठीवर गेलेला बाप वाचकाला लगेच कळतो.

निवेदन मराठी, संवाद कोंकणी, ही जोडी चालते. मात्र कंसात अर्थ देत बसू नका. अर्थ पुढच्या कृतीने पोचवा:

"कितें जालें?" म्हातारीने खाटेवरूनच विचारलं.
"कांयच ना," म्हणत त्याने भिजलेली छत्री कोपऱ्यात टेकवली आणि तिच्याकडे पाठ करून बूट काढत बसला.

पुण्याच्या वाचकाचंही इथे काही अडत नाही. पण कथेची कळ असलेलं वाक्य, म्हणजे जे कळलं नाही तर पुढचं कळणार नाही ते, अनोळखी शब्दांत ठेवू नका. उत्तरेकडच्या पेडण्याची बोली दक्षिणेकडच्या सासष्टीतल्या माणसाच्या तोंडी घातली तर गोव्यातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल. त्या तालुक्यातल्या माणसाकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या. आणि एक विनंती: पहिल्याच परिच्छेदात पोदेर (पाववाला), फेणी, फेरीबोट आणि माडांची रांग एकदम आणू नका. ती पर्यटन खात्याची जाहिरात होते.

म्हापसेकर
कवींना कथेच्या गटात बसवू नका. वेगळा तास द्या आणि त्यांना वृत्तापासून सुरू करा. मुक्तछंदच लिहायचा असला तरी. शिकवण्यासारखं सर्वात नेमकं असं कवितेत तेच आहे.

भुजंगप्रयात घ्या, मनाच्या श्लोकांमुळे चाल सगळ्यांच्या कानात असते. ओळीत 12 अक्षरं, लघु-गुरु-गुरु असा गट चार वेळा; लघु म्हणजे आखूड उच्चाराचं अक्षर, गुरु म्हणजे लांब. फळ्यावर ही ओळ लिहा: "नदीला नको सांगु वाटा कुणाच्या". नदीला, नको सां, गु वाटा, कुणाच्या. बरोबर बसते. आता तिच्याखाली लिहा: "नदीला सांगू नको वाटा कुणाच्या". अक्षरं इथेही 12च, पण चौथ्या जागी लघु हवा तिथे 'सां' आला आणि ओळ अडखळली. नुसती बोटांवर अक्षरं मोजणाऱ्याला ही चूक दिसत नाही. चालीत म्हणून पाहणाऱ्याला ऐकू येते.

गोंधळ होतो तो जोडाक्षरांपाशी. 'सत्य' मधला 'स' पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरु होतो, पण 'तुम्ही' आणि 'तुझ्या' मधला 'तु' लघुच राहतो, कारण तिथे आघात पडत नाही. नियम पाठ करून घेण्याआधी हे शब्द मोठ्याने म्हणून घ्या. मग अभंगाकडे वळा: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. इथे लघु-गुरूची कटकट नाही, त्यामुळे भुजंगप्रयाताने घामाघूम झालेली मंडळी जरा सुखावतात. घरी करायला क्षेमेंद्राचाच सराव द्या: भुजंगप्रयातात चार ओळी, अर्थ लागला नाही तरी चालेल, वृत्त मात्र चुकता कामा नये.