सांगली ते सातारा कोयना एक्सप्रेसने, कुत्रीला घेऊन एका दिवसात जाऊन येता येईल का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, आमची चंपी कारवानी (सडपातळ शिकारी कुत्र्याची जात) आणि गावठी अशी मिक्स आहे, वय तीन वर्षं, वजन बावीस किलो. स्वभावाने एकदम गरीब, पण अनोळखी माणसानं हात लावलेला आवडत नाही. गाडीत (म्हणजे चारचाकीत) बसायची सवय आहे, रेल्वेत कधीच नेलेली नाही. मला खूप दिवसांपासून तिला साताऱ्याला संगम माहुलीला न्यायचंय, तिथं थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे ना, ती बघायची, घाटावर तिला मोकळं फिरवायचं, मावशीकडं जेवायचं आणि संध्याकाळी घरी. सकाळी कोयना सांगलीवरून मिळते ती दुपारी बाराच्या आत साताऱ्यात, आणि मुंबईकडून येणारी कोयना दुपारी तीन-साडेतीनला साताऱ्यावरून परत, असं डोक्यात आहे. बरोबर मी आणि माझा भाऊ. कुणी कुत्रं घेऊन रेल्वेनं गेलंय का? जनरल डब्यात पायाशी बसवून नेलं तर चालतं का? एक ओळखीचे म्हणाले की टीसी काही बोलत नाही, बिनधास्त जा. कायदेशीर काय आहे ते नीट सांगा, उगाच तिच्या जिवाला त्रास नको.

मिरज_जंक्शन

ताई, बिनधास्त बिलकुल जाऊ नका. जनरल, स्लीपर, सिटिंग, चेअर कार, थर्ड एसी, सेकंड एसी यातल्या कुठल्याच डब्यात मोठं कुत्रं नेता येत नाही. लहान पिल्लू टोपलीत घालून नेता येतं आणि त्याचंही बुकिंग करावं लागतं, बावीस किलोची चंपी काय टोपलीत बसणार नाही. बिनबुकिंगचं कुत्रं सापडलं तर लगेजच्या दराच्या सहापट घेतात, वर डब्यातलं एखादं घाबरणारं माणूस ओरडायला लागलं की मधल्याच स्टेशनला उतरायची वेळ येते ती वेगळीच.

दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे फर्स्ट एसी, त्यात दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन पूर्ण आपल्या नावावर पाहिजे. ऑनलाइन तिकीट काढताना कूपेच द्या असं सांगायची सोय नाही, आधी अर्ज द्यावा लागतो आणि कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं. मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रीचं जायचं असेल तर हे सगळं करण्यात अर्थ आहे, सांगली-सातारा सव्वाशे किलोमीटरसाठी नाही. दुसरा रस्ता म्हणजे गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स (गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण स्टेशनवर सगळे गार्डच म्हणतात). त्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात होतं. तुमचं तिकीट, लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, त्यात जात, रंग, नर-मादी लिहिलेलं पाहिजे आणि ते प्रवासाच्या आधी 24 ते 48 तासांतलं पाहिजे. पट्टा, साखळी, खाणं, पाणी सगळं आपलं.

आता खरी गोम सांगतो. सांगलीला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. तेवढ्यात शेवटच्या डब्यापर्यंत पळायचं, गार्डला पावती दाखवायची, बॉक्स उघडून घ्यायचा, बिथरलेल्या कुत्रीला आत घालायचं आणि मग आपण आपला डबा पकडायचा, हे जमायचं नाही. तुम्ही मिरजेवरून चढा. मिरजेला गाडी जास्त थांबते, पार्सल ऑफिस मोठं आहे, हमाल सरावलेले आहेत. रिक्षानं दहा किलोमीटर काय ते, पण जीव धाकधूक होत नाही. बुकिंगला आदल्या दिवशी जाऊन विचारून ठेवा आणि त्या दिवशी किमान दीड-दोन तास आधी पोचा.

सातारी_कंदी

वरच्या दादांनी सगळं बरोबर सांगितलंय पण परतीचं कुणी बोललंच नाही. परतीचं बुकिंग साताऱ्याच्या पार्सल ऑफिसात नव्यानं करावं लागणार, म्हणजे परत दीड तास आधी स्टेशनवर. बाराला उतरलात, साडेतीनची गाडी, त्यातले दीड तास स्टेशनात गेले, आणि सातारा स्टेशन गावापासून लांब, कोरेगाव रोडला. मावशीकडं जेवण कधी आणि माहुली कधी? त्यात डाउन कोयना पुण्याकडून लेट आली तर चंपी फलाटावर तळमळत बसणार.

माझ्या मते जाताना रेल्वे करा आणि येताना कुणाची तरी व्हॅन सांगून ठेवा. हायवेनं कराड, पेठ नाका करत अडीच-तीन तासांत सांगलीत. त्यातली चांगली गोष्ट म्हणजे माहुली स्टेशनपासून जवळ आहे, आधी गावात जाऊन परत मागं यायची गरज नाही, उतरल्या उतरल्या थेट संगमावर जा. कृष्णा आणि वेण्णा तिथं मिळतात, काठावर विश्वेश्वराचं मोठं दगडी देऊळ आहे, पायऱ्या उतरल्या की पाणी. आमच्याकडं सांगतात की शिकारीत वाघ झडप घालणार तेवढ्यात खंड्या भुंकला आणि महाराज वाचले, म्हणून त्याला मान होता आणि मेल्यावर समाधी बांधली. दगडात कोरलेलं कुत्रं आहे. मी माझ्या लेकीला दर वेळी तिथं नेते आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवते. तुम्ही चंपीला घेऊन जाताय हे वाचून मला फार बरं वाटलं. देवळाच्या आत मात्र नेऊ नका, एकानं बाहेर थांबा, आणि घाटावर मोकळं सोडायच्या आधी तिथली कुत्री कुठं बसलीत ते बघून घ्या, त्यांची हद्द आहे ती.

जनावरांचा_डॉक्टर_कऱ्हाड

मी पशुवैद्य आहे म्हणून थोडं लिहितो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. डॉग बॉक्स म्हणजे लोखंडी कप्पा, दाराला फटी, बस. एप्रिल-मे मध्ये दुपारी आत काय होत असेल याचा विचार करा. थंडीतच जा, डिसेंबर-जानेवारी, आणि सकाळचीच गाडी, परतीला दुपारची नको, म्हणून वरच्या ताईंचा व्हॅनचा सल्ला मला पटतो. पग, बुलडॉग असली चपट्या नाकाची कुत्री असती तर मी सरळ नको म्हणालो असतो. चंपीचं नाक लांब आहे, वय तरुण आहे, हरकत नाही.

झोपेची गोळी देऊ का असं प्रत्येक जण विचारतो. आपल्या मनानं अजिबात नाही. गुंगीतल्या कुत्र्याला शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, रक्तदाब उतरतो आणि बॉक्समध्ये बघायला कुणी नसतं. त्यापेक्षा महिनाभर आधीपासून तिला स्टेशनची सवय लावा. विश्रामबागचं छोटं स्टेशन आहे, तिथं फलाट तिकीट काढून लांब कोपऱ्यात बसा, मालगाडी धडधडत गेली की तिच्या आवडीचा तुकडा द्या. कान मागं, शेपूट पोटाशी, तुकडा तोंडात घेईना, असं असेल तर ती अजून तयार नाही, अजून लांब जाऊन बसा. जेवण निघायच्या चार तास आधी आणि नेहमीपेक्षा अर्धं. पाणी थोडं थोडं देत राहा.

आणि एक, आपल्या भागात हे आवर्जून सांगावं लागतं. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याला विष आहेत, मूत्रपिंड निकामी होतं आणि किती खाल्ल्यानं होईल ते प्रत्येक कुत्र्यात वेगळं. तासगावकडचा माणूस खिशात बेदाणे घेऊन फिरतो आणि लाडानं मूठभर समोर धरतो, त्याला हात जोडून नाही म्हणा. मावशीकडच्या मटणाच्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, तोही नको, आणि शिजवलेलं हाड तर नकोच नको, त्याच्या चिरफळ्या होतात.

जतचा_पश्मीवाला

कारवानीचं एक सांगतो भावांनो जे कुणी सांगत नाही. ह्या जातीचं डोकं बारीक आणि मान जाड, त्यामुळं साधा गळपट्टा घाबरून मागं सरकली की सरळ डोक्यावरून निसटतो आणि मग ती जी सुटते ती सुटतेच, रुळावर पळणारं कारवानी माणसाच्या बापाला धरता येत नाही. छातीवरून जाणारा हार्नेस घाला, वर गळपट्टाही घाला, दोन्हीला वेगळ्या दोऱ्या, एक तुमच्या हातात एक भावाच्या. घरी घालून जोरात मागं ओढून बघा, निसटतोय का ते. बॉक्समध्ये घालताना हार्नेस काढा कारण तो कडीत अडकू शकतो, पण गळपट्टा आणि साखळी राहू द्या.

बॉक्स आधी स्वतः बघा. पत्र्याची कड उचकटलेली असते, कुठं गंज असतो, आत ओलं असतं, आधीच्या कुत्र्याची घाण असते. टॉर्च मारून आत हात फिरवा आणि कडी दोनदा लावून-काढून बघा, नुसती टेकवलेली कडी धक्क्यानं उघडते. खाली गोणपाट आणि त्यावर तुमची न धुतलेली जुनी साडी, वासानं बसतं जनावर. तुम्ही शेवटच्या बाजूच्या डब्यातच तिकीट काढा म्हणजे कराडला गाडी थांबली की भाऊ खाली उतरून हाक मारून येईल. बॉक्स उघडायचा नाही, नुसता आवाज ऐकू द्यायचा. माझ्या कुत्र्याचं भुंकणं माझ्या आवाजानं तिथल्या तिथं थांबलेलं मी बघितलंय.

प्रवासी_७१

सगळ्यांचा मान राखून विरोधात लिहितो. दोन-अडीच तास अंधारात, चाकाच्या आवाजात, एकटी, ते पण अनोळखी हात आवडत नसलेली कुत्री. फिरायला तुम्हाला जायचंय, तिला काय साताऱ्याचं कौतुक? जाताना पण व्हॅनच करा की. तिला खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा खायला मिळेल. रेल्वे ही मालकाची बदली होऊन गाव बदलायचं असेल, दुसरा इलाजच नसेल, तेव्हाची गोष्ट.

जनावरांचा_डॉक्टर_कऱ्हाड

@प्रवासी_७१ तुमचा मुद्दा रास्त आहे आणि बऱ्याच कुत्र्यांच्या बाबतीत मी हेच म्हणेन. फक्त खिडकीतून तोंड बाहेर नको, डोळ्यात कचरा जातो आणि अचानक उडी मारतात.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. प्रवासी दादा, तुमचं वाचून रात्रभर विचार केला आणि भावाशी भांडण पण झालं. ठरलंय असं की आत्ता रेल्वे नाही. डिसेंबरमध्ये मामेभावाच्या व्हॅननं सकाळी लवकर निघायचं, दोन्हीकडं रस्त्यानंच, हार्नेस मागच्या सीटच्या बेल्टला बांधून. पुढच्या वर्षी भावाची नोकरी मुंबईत पक्की झाली तर चंपीला तिकडं न्यावंच लागेल, तेव्हा महालक्ष्मीचा फर्स्ट एसी बघू, म्हणून विश्रामबागची सवय आत्तापासूनच लावते. काल संध्याकाळी पहिल्यांदा नेलं, गाडी आली तशी माझ्या पायामागं जाऊन बसली पण तुकडा मात्र खाल्ला.

पश्मीवाले दादा, गळपट्ट्याचं आज करून बघितलं. तुम्ही म्हणाला तसाच डोक्यावरून निघाला, आणि हा पट्टा घालून आम्ही तिला वर्षभर नदीवर नेतोय. हार्नेस सांगलीत कुठं मापाचा मिळतो, छाती खोल आणि कंबर बारीक असल्यानं दुकानातला बसेना झालाय?

जतचा_पश्मीवाला

ताई तयार घेऊ नका. बैलाच्या मोरख्या, म्होरकी शिवणारा कुणी जवळच्या बाजारात असेल त्याच्याकडं चंपीलाच घेऊन जा, छातीचं आणि पुढच्या पायामागचं माप तिथंच घेऊन सुती पट्ट्याचा शिवून देईल, आतून मऊ कापड लावायला सांगा, काखेत घासतं नाहीतर.