मदत हवी आहे: मातीतल्या चुन्याच्या कणांचा आकार मोजताना चिकणमातीत उणे आकडा येतोय

कृष्णाकाठ_अथणी

नमस्कार मंडळी. अथणी तालुक्यातल्या काळ्या रानाची माती आहे, ० ते ३० सेंमी थर. मुक्त चुना (कॅल्शियम कार्बोनेट) १६ टक्के आणि उसावर केवडा पडतोय, म्हणजे पानं पिवळी पडतायत. शेजारच्या रानात चुना तेवढाच, पण ऊस हिरवा. म्हणून चुना किती आहे यापेक्षा तो किती बारीक आहे हे मोजायचं आहे.

पद्धत अशी: माती खलबत्त्यात कुटून २ मिमी चाळणीतून चाळली. एक नमुना तसाच ठेवला, दुसऱ्यातला चुना ॲसिडने काढला. दोन्हींचं पिपेट पद्धतीने (पाण्यात कण किती वेगाने खाली बसतात त्यावरून आकार) विश्लेषण करून वजाबाकी केली. चिकणमाती (२ मायक्रॉनखालचे कण) आधी ४८ टक्के, ॲसिडनंतर ५७. म्हणजे चिकणमातीतला चुना उणे ९ टक्के? तीनदा केलं, आकडा तोच. कण सुटे करायला कॅलगॉन नेहमीचंच वापरलंय, हेक्सामेटाफॉस्फेट आणि सोडियम कार्बोनेटचं. चुकतंय कुठे?

पिपेट_आणि_घड्याळ

आधी हिशेब. ॲसिडनंतर १०० ग्रॅमची ८४ ग्रॅम माती उरली. तुमचे ५७ टक्के त्या ८४ चे आहेत. ५७ × ०.८४ = ४७.९. मूळ मातीच्या पायावर आणलं की उणे ९ जातं आणि फरक ०.१ उरतो.

पण त्या ०.१ वरही विश्वास ठेवू नका. काळ्या मातीत चुना नुसता कण म्हणून नसतो, तो चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटवूनही ठेवतो. ॲसिडने तो सांधा सुटला की आधी पोयट्यात (चिकणमातीहून जाड, वाळूहून बारीक कण) मोजलेली चिकणमाती मोकळी होऊन २ मायक्रॉनखाली येते. चिकणमातीतला चुना गेला त्याच वेळी तिथे नवी चिकणमाती आली, आणि दोन्हींनी एकमेकांना झाकलं. वजाबाकीत हे वेगळं करता येत नाही. लेझरच्या यंत्रावर आधी-नंतर मोजलं तरी हीच अडचण येते, कारण कण कॅल्साइटचा (म्हणजे चुन्याचा) की क्वार्ट्झचा (गारेचा) हे यंत्राला कळत नाही.

त्यामुळे क्रम उलटा करा. ॲसिड न लावता माती आकारानुसार वेगळी करायची आणि मग प्रत्येक गटातला चुना कॅल्सिमीटरवर (ॲसिड टाकून निघालेला कार्बन डायऑक्साइड ब्युरेटच्या नळीत मोजणारं उपकरण) थेट मोजायचा.

दोन गोष्टी आजच बंद करा. एक, खलबत्ता. चुनखडीचे खडे मऊ असतात, कुटले की तुम्हीच बारीक चुना तयार करता. ढेकळं लाकडी लाटण्याने हलकेच फोडा, आणि २ मिमीवर राहिलेले खडे वेगळे तोलून नोंदवा. दोन, कॅलगॉनमधलं सोडियम कार्बोनेट. कॅल्सिमीटरमध्ये त्याचाही वायू निघतो. फक्त हेक्सामेटाफॉस्फेट घ्या, ५ टक्के द्रावण, १० ग्रॅम मातीला १० मिली. २०० मिली पाण्यात रात्रभर, साधारण १६ तास, शेकरवर ठेवा.

कृष्णाकाठ_अथणी

धन्यवाद सर. पिपेटने काढलेल्या २५ मिलीतच चुना मोजला तर चालेल का? आणि सेंद्रिय पदार्थ काढायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू का?

घटप्रभा_लॅब

२५ मिलीत नाही जमणार. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम माती, म्हणजे त्या २५ मिलीत चिकणमाती जेमतेम ०.१२ ग्रॅम. तिच्यात चुना १० टक्के धरला तरी १२ मिलिग्रॅम, वायू ३-४ मिली. ब्युरेट वाचण्यातच तेवढी चूक होते. निदान १ ग्रॅम सुकी चिकणमाती हाती हवी.

आधी ५३ मायक्रॉनच्या चाळणीवर ओलं चाळून वाळू वेगळी करा. उरलेलं उंच बीकरमध्ये घ्या. सायफनचं तोंड बुडापासून २ सेंमी वर आणि त्याच्यावर १० सेंमी पाणी. ढवळून ठेवा. पाणी ३० अंशांवर असेल तर ६ तास ८ मिनिटांनी वरचं सगळं काढून घ्यायचं, २५ अंशांवर ६ तास ५२ मिनिटांनी. बीकर खिडकीतल्या उन्हात नको, आतल्या प्रवाहांनी कण बसतच नाहीत. पुन्हा पाणी, थोडं हेक्सामेटाफॉस्फेट, पुन्हा तेच. वरचं पाणी निवळ दिसेपर्यंत, बहुधा ५-६ वेळा. खाली राहिला तो पोयटा. कॅल्साइटची घनता २.७१ आहे, २.६५ नाही, पण फरक किरकोळ: २ मायक्रॉनच्या वेळेत बसणारा कॅल्साइटचा कण खरा १.९६ चा असतो.

जमवलेल्या पाण्यातली चिकणमाती खाली बसवायला काही जण ॲसिड टाकतात. ते केलंत की सगळं काम वाया. मॅग्नेशियम क्लोराइड टाका, साका बसला की धुवून १०५ अंशांवर सुकवा.

आणि पाणी! इथेच बारीक चुना गुपचूप निसटतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या डिस्टिल्ड पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्साइट विरघळतं, उकळून झाकून गार केलेल्या पाण्यात १४ च्या आसपास. साडेतीन लिटर पाणी वापरलं तर तुमच्या १.६ ग्रॅम चुन्यातला दहावा भाग जाऊ शकतो, तोही आधी सर्वांत बारीक कणांचा. उकळलेलंच पाणी वापरा.

पेरॉक्साइड टाळा, सेंद्रिय कर्ब १ टक्क्याच्या आत असेल तर गरजच नाही. त्याने मातीत कॅल्शियम ऑक्झलेट तयार होतं.

पिपेट_आणि_घड्याळ

कॅल्सिमीटरबद्दल एक भर. पुस्तकातला १ ग्रॅमला २२४ मिली हा आकडा शून्य अंश आणि समुद्रसपाटीचा आहे. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, त्यात ३० अंश, तिथे तोच वायू २७० मिलीच्या वर जागा घेतो. म्हणून रोज शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचे ०.१ आणि ०.२ ग्रॅम लावून त्या दिवसाचा गुणक काढा. फ्लास्क हातात धरून हलवू नका, हाताच्या उबेनेही वायू फुगतो.

शेवटी जुळवणी: वाळू, पोयटा, चिकणमाती यांतल्या चुन्याची बेरीज अख्ख्या मातीच्या १६ टक्क्यांशी ताडून बघा. कमी भरली तर पाण्यात गेला, जास्त भरली तर गुणक चुकला.

घटप्रभा_लॅब

दादा, पुढे मुधोळ-लोकापूर बाजूची माती घेतलीत तर ध्यानात ठेवा, तिकडच्या कलादगी खडकांत डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं कार्बोनेट) आहे. कॅल्साइट दोन-तीन मिनिटांत फसफसून संपतं, डोलोमाइट थंड ॲसिडमध्ये हळूहळू विरघळतं. ब्युरेट थांबली असं वाटलं तरी अर्धा तास थांबून पुन्हा वाचा, आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून ठेवा.

कृष्णाकाठ_अथणी

दोन्ही रानांची माती सोमवारपासून याच क्रमाने लावतो. बेरीज जुळली की गटवार आकडे इथेच टाकतो.