८० हजारांत पक्ष्यांचा कॅमेरा : नवा, वापरलेला की रिफर्बिश्ड?

मास्तरीणबाई :
नमस्कार मंडळी. मी उत्तर सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. नान्नजचं माळरान शाळेपासून गाडीवर वीस मिनिटं. चार वर्षं दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडतेय, पण आता वर्गातली पोरं म्हणतात, "बाई, धाविक पक्षी कसा असतो, दाखवा की." मोबाइलवर काढलेल्या फोटोत धाविक म्हणजे ढेकळाशेजारचं ढेकूळ. पोरं बिचारी मान डोलावतात.

यंदा भिशी लागली आणि हातात ऐंशी हजार आहेत. तीन वाटा समोर आहेत.

पहिली : नवी पेठेतला दुकानदार नवा सुरुवातीचा डीएसएलआर दोन लेन्ससकट देतोय, मोठी लेन्स २५० मिमीपर्यंतची. पन्नासच्या आतबाहेर.
दुसरी : पुण्यातले एक गृहस्थ निकॉन डी ७२०० आणि निकॉनचीच २००-५०० लेन्स विकतायत. दोन्हींचे मिळून ८२ सांगतात. बिलं आहेत म्हणे.
तिसरी : एका साइटवर तोच डी ७२०० 'रिफर्बिश्ड, ग्रेड ए' असा ३६ ला, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह. लेन्स वेगळी बघावी लागेल.

आमच्या घरचे म्हणतात नवाच घे, जुनी वस्तू म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. मला कॅमेऱ्यातलं शष्प कळत नाही. काय करू?

भुईकोट :
घरच्यांना +१. वॉरंटी ती वॉरंटी. नंतर कुणाच्या दारात जाणार?

धाविक :
आयडीच धाविक, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे :)

ताई, पक्षी हवे असतील तर आधी लेन्स ठरवा, बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) नंतर. माळावर पक्षी तुम्हाला जवळ येऊ देत नाही. लपायला झाड नाही, झुडूप नाही. पन्नास पावलांवरून २५० च्या लेन्सने जो धाविक नखाएवढा दिसतो, तोच ५०० ला लांबीरुंदीने दुप्पट, म्हणजे फोटोत चौपट जागा व्यापतो. नंतर कापून मोठा करू म्हणाल तर पिसांचा तपशील आधी टिपलेलाच नसतो, मोठं होतं ते नुसतं भुरकट.

डी ७२०० चा सेन्सर, म्हणजे आतली फोटो टिपणारी पट्टी, लहान आकाराचा, १.५ पटीचा. म्हणजे ५०० ची लेन्स दिसायला ७५० सारखी पडते. त्यात या लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र ५०० ला सुद्धा एफ ५.६ राहतं, बारीक होत नाही, सकाळच्या कमी उजेडात फार उपयोगी. वजन मात्र दोन किलोच्या वर. खांद्याची तयारी ठेवा.

१९७९ मध्ये नान्नजला अभयारण्य झालं ते माळढोकासाठी. आज माळढोक दिसणं नशिबाचा भाग, पण धाविक, चंडोल, हिवाळ्यात भोवत्ये (शिकारी पक्षी), शिवाय काळवीट, खोकड, क्वचित लांडगा, एवढं सगळं त्या लेन्सला पुरून उरेल. फक्त लेन्स मोठी झाली की माणसाला पुढे पुढे सरकायची चटक लागते. ते नको. अंडी घालायच्या दिवसांत धाविकाचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरची दोन-तीन अंडी, पायाखाली आली तरी कळत नाहीत.

फोटोवाला_मालक :
ताई, माझा स्टुडिओ आहे, लग्नाची कामं करतो. बावीस वर्षांत नवे घेतले, जुने घेतले, विकले पण. सरळ सांगतो.

आता सगळे मिररलेसकडं, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडं पळायलेत, म्हणून चांगले डीएसएलआर लोक स्वस्तात विकायलेत. घेणाऱ्याचे दिवस आहेत. पण लग्नाच्या फोटोग्राफरचा कॅमेरा घेताना दहादा बघा. आमचाच धंदा आहे म्हणून बोलतो. एका सीझनमध्ये आम्ही कॅमेरा पार पिळून काढतो. वर हळद, अक्षता, गड्ड्याच्या जत्रेची धूळ. मी स्वतः नंदीध्वजांच्या मिरवणुकीत लेन्स बदलली होती एकदा, घरी येऊन बघतो तर सेन्सरवर जत्रेचं अख्खं होम मैदान!

पहिलं काम म्हणजे विकणाऱ्याकडून आजच काढलेला एक फोटो मागा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, त्यात आतली माहिती पुसली जाते. मेलवर मूळ फाइल मागा. निकॉनच्या फाइलमध्ये शटर (फोटो काढताना उघडझाप करणारा पडदा) किती वेळा पडलं ते लिहिलेलं असतं, बॉडीचा सिरियल नंबर पण असतो. फाइलवरचा नंबर, बॉडीच्या बुडाचा नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही एक पाहिजेत. नसतील तर चोरीचा माल समजा आणि गप परत या. (कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत हा आकडा फाइलमध्ये मिळत नाही, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून बघावं लागतं.)

डी ७२०० चं शटर कंपनीने दीड लाख वेळा पाडून तपासलेलं आहे. दीड लाखाला बंदच पडतं असं नाही आणि पन्नास हजाराला पडणारच नाही असं पण नाही. चाळीस-पन्नास हजार झालेले असतील तर मी डोळे झाकून घेईन. पण एक गंमत ऐका. ज्याने त्याच्यावर नुसते व्हिडिओ काढलेत त्याचा आकडा कमी दिसतो. व्हिडिओत दर फ्रेमला शटर पडत नाही, सेन्सर मात्र तासन्तास तापतो. म्हणून आकडा कमी आणि कॅमेरा घासून गुळगुळीत असा प्रकार दिसला की विचारा, "मालक, ह्याच्यावर पिक्चर काढला काय?"

कडकभाकरी :
सोलापूरचाच, सध्या पोटासाठी मुंबईत. तिसऱ्या वाटेबद्दल माझ्याइतकं कुणी पोळलेलं नसेल, म्हणून लिहितो.

रिफर्बिश्ड हा शब्द ऐकायला फार गोड आहे. अमेरिकेत कॅनन, निकॉन स्वतः असा माल विकतात. गिऱ्हाइकाने परत केलेला किंवा किरकोळ दोष निघालेला पीस कंपनीत जातो, दुरुस्त होतो, तपासला जातो आणि कंपनीच्या वॉरंटीने परत विकला जातो. तो शब्द तिकडे खरा आहे. इथे मी ज्या साइटवरून घेतला तिथे त्याचा अर्थ 'आम्ही पुसला' एवढाच होता. ग्रेड ए म्हणजे बाहेरून ओरखडे नाहीत. आतल्या तब्येतीचा त्या ए शी काही संबंध नाही. माझ्या बॉडीच्या सेन्सरवर तेलाचे ठिपके निघाले, बॅटरी डुप्लिकेट, आणि एक स्क्रू कुणीतरी चुकीच्या पान्ह्याने फिरवून चाटलेला. वॉरंटी दाखवली तर म्हणे सेन्सरची सफाई त्यात येत नाही. सात दिवसांत परत करायची सोय होती म्हणून पैसे सुटले, तेही सहाव्या दिवशी.

म्हणजे तो रस्ता वाईटच असं नाही. पुण्यापर्यंत जाऊन तपासणं शक्य नसेल त्याला सहा महिन्यांची खरी वॉरंटी चार-सहा हजार जास्त देऊन परवडते. पण दुरुस्ती कोण करतं, शटर त्यात धरलंय का, परत करायला किती दिवस, हे लेखी घ्या. तोंडी 'हो मॅडम, सगळं कव्हर आहे' चालत नाही.

भुईकोट :
मग नवाच घ्या म्हणतोय ना मी. आणि ताईंना एवढं ओझं कशाला? निकॉनचा पी ९५० येतो, लेन्स बदलायची भानगडच नाही, २४ पासून २००० पर्यंत झूम, वजन किलोभर.

धाविक :
भुईकोट, सल्ला वाईट नाही. पक्षी ओळखायला आणि नोंद ठेवायला तो कॅमेरा मस्त. पण सेन्सर मोबाइलच्या जातकुळीचा, बारका. ऊन खणखणीत असेल तोवर ठीक. सूर्य उगवतानाचा भोवत्या उडत जाताना धरायचा म्हटलं की दमतो. ताईंना पोरांना दाखवायचंय, तेव्हा हाही विचारात घ्या ताई. मी मात्र २००-५०० च म्हणेन. उद्या मिररलेस घेतलात तरी निकॉनच्या ॲडाप्टरवर ही लेन्स ऑटोफोकससकट चालते, पैसे वाया जात नाहीत.

हो, आणि बॉडीचे पैसे वाचवायला कुणी डी ९० गळ्यात मारेल, तर घेऊ नका. या लेन्सचं छिद्र विजेवर चालतं, ते जुन्या बॉडीला कळत नाही.

सिलिकाजेल :
लेन्सकडे बघा म्हणणारे सगळे, पण लेन्सच्या आत कसं बघायचं ते कुणी सांगितलं नाही.

दोन्ही टोपणं काढा. मोबाइलची बॅटरी (टॉर्च) मागून तिरकी मारा आणि पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण असतात, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी. स्वस्तात देतो म्हणाले तरी नको. साफ करता येते, पण काचेवरचा मुलामा खाल्लेला असेल तर तो परत येत नाही. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशीचं भय कमी, पण ही लेन्स किती पावसाळे कुठल्या कपाटात काढून आलीय कुणास ठाऊक. कोकणातून, मुंबईतून आलेल्या लेन्सला मी दोनदा बॅटरी मारतो.

घरी आणल्यावर कापडी बॅगेत ठेवू नका. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल, शंभर-दोनशेचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला की झालं.

फोटोवाला_मालक :
बरोबर. आणि पैसे आधी पाठवायचे नाहीत, कितीही गोड बोलला तरी. 'मी फौजेत आहे, बदली झाली, कुरियरने पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला कधी पिन टाकावा लागत नाही.

मास्तरीणबाई :
सगळ्यांचे आभार. मूळ फाइल मागवली. त्यांनी लगेच पाठवली, शटर ३८ हजारांच्या आसपास, नंबर बिलाशी जुळतो. रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातेय, संध्याकाळच्या हुतात्माने परत. सोबत काय नेऊ?

फोटोवाला_मालक :
स्वतःचं मेमरी कार्ड, एक वर्तमानपत्र, लॅपटॉप असेल तर तो. घाई करू नका, चहा दिला तर प्या पण बिस्किटाला हात लावायच्या आधी हे करा :)

पेपर भिंतीला चिकटवून समोरून फोटो, चारही कोपरे वाचता येतात का बघा. मग पेपर तिरका धरून मधल्या एका ओळीवर फोकस. तीच ओळ स्पष्ट आली पाहिजे, पुढची-मागची नाही. थोडं इकडं-तिकडं असेल तर डी ७२०० मध्ये ते जुळवायची सोय आहे. नंतर एफ १६ ला आभाळाचा फोटो, काळे डाग दिसले तर सेन्सरवर घाण. झाकण लावून तीस सेकंदांचा एक फोटो, रंगीत ठिपक्यांची रांगोळी नको. कार्डाचे दोन्ही खण, फ्लॅशची जागा, यूएसबीचं तोंड, सगळी बटणं. लेन्स २०० ते ५०० फिरवताना कुठं अडकते का, खरखरते का.

मास्तरीणबाई :
पुण्यातूनच लिहितेय, गच्चीवर उभी आहे. गृहस्थ सत्तरीचे, भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी जायचे, आता गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून विकतायत. लेन्स आरशासारखी स्वच्छ, काका तीन वेळा बॅटरी मारून दाखवतायत. फोकस बरोबर. पण बॉडीचा दुसरा खण कार्ड वाचत नाही, आणि अंगठ्याखालचं रबर फुगलंय. काकांना खणाचं माहीतच नव्हतं, त्यांचाच चेहरा पडला. घेऊ का?

फोटोवाला_मालक :
रबर नवं बसतं. खण एक चालू आहे ना? तुम्हाला लग्नाचे फोटो काढायचे नाहीत, एक खण बास झाला. पण दुरुस्तीचे चार-पाच हजार कमी करायला सांगा. भांडू नका, माणूस चांगला दिसतोय.

मास्तरीणबाई :
काकांनी आपण होऊन ७५ म्हटलं. मला घासाघीस करायची वेळच आली नाही, उलट जुनी पक्ष्यांची वही दिली वाचायला. घेतला. गाडीत मांडीवर घेऊन बसलेय, बाळंतिणीसारखी.

कडकभाकरी :
अभिनंदन! घरच्यांना काय सांगणार?

मास्तरीणबाई :
सांगितलं. ते आधी म्हणाले, "जुनाच आणलास ना शेवटी." मग लेन्समधून समोरच्या टाकीवरची घार बघितली आणि अर्धा तास कॅमेरा माझ्या हातात आला नाही.

आज सकाळी सातला नान्नजला होते. साडेनऊनंतर जमिनीवरून वाफ उठल्यासारखं सगळं हलायला लागलं, एकही फोटो धड नाही. लेन्समध्ये दोष तर नाही ना?

धाविक :
दोष नाही, मार्च महिना आहे. तापलेली हवा थरथरते, तिच्यापुढे पाच लाखांची लेन्सही हरते. उजाडल्यापासून नऊपर्यंत किंवा मग पाचनंतर. आणि जमिनीलगत बसलात तर धाविकाच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो येतो. लेन्सखाली पिशवी ठेवा, वाळूची जड होते, ज्वारी भरा.

मास्तरीणबाई :
ज्वारीची पिशवी कालच शिवली, आईच्या जुन्या लुगड्याची. पाच किलो मालदांडी भरली. आता सासूबाई विचारतायत, कॅमेऱ्याला एवढी ज्वारी लागते तर माणसांनी खायचं काय.

सिलिकाजेल :
अडीच किलो पुरते. बाकीची डब्यात परत टाका, नाहीतर उंदीर कॅमेऱ्यापर्यंत पोचतील.