सोलापुरात नववीला वनस्पतींचे पाचही गट प्रत्यक्ष कसे दाखवायचे?

फळा_खडू (प्रश्न)

नववीला ‘वनस्पतींचे वर्गीकरण’ शिकवायचं आहे. थॅलोफायटा (शैवाल) ते आवृत्तबीजी (फळात बी असणाऱ्या), पाचही गटांचे खरे नमुने मुलांच्या हातात द्यायचेत; तक्त्यावर भागवायचं नाही. शाळा हद्दवाढ भागात, आजूबाजूला माळ, वेडी बाभूळ आणि नवी बांधकामं. मॉस आणि नेचे म्हटलं की जो तो महाबळेश्वर सुचवतो, पण सहल तिकडे नेणं जमणारं नाही. वर्गात ६० मुलं, तासिका ३५ मिनिटांची, सूक्ष्मदर्शक दोन.

आणखी दोन अडचणी. रंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) दाखवायला पानाची साल काढताना हिरवा गर सोबत येतो आणि काही दिसत नाही. आणि मुलांनी वाळवलेले नमुने काळे पडतात, काहींना बुरशी लागते. नेमकं काय करावं?

रानवाटा

डोंगर शोधू नका, ओल शोधा. शैवाल पाण्यात किंवा सतत ओल्या जागीच वाढतं. मॉस आणि नेच्यांचे नरयुग्मक पोहत मादीयुग्मकापर्यंत जातात, म्हणून पाण्याचा पातळ थर तरी लागतोच. हेच कारण मुलांना आधी सांगा आणि मग ‘आपल्या भागात हे कुठे सापडेल?’ असं विचारा. निम्मा धडा तिथेच होतो.

शैवाल: जनावरांच्या पाण्याचा हौद किंवा शेततळ्याचा कडेचा भाग. बोटांत धरल्यावर बुळबुळीत लागणारे हिरवे, केसासारखे धागे म्हणजे बहुधा स्पायरोगायरा. तोंड रुंद असलेली बरणी अर्धीच भरा, झाकण लावू नका, उन्हात ठेवू नका. गच्च बंद केली तर दुसऱ्या दिवशी वास मारते आणि धागे तपकिरी होतात. काचपट्टीवर दोन-तीनच धागे घ्या. गुंता घेतला तर हरितलवकाची नागमोडी पट्टी दिसत नाही. मुलांना तलावाच्या काठावर पाठवू नका, नमुना मोठ्यांनीच आणावा.

मॉस: पाऊस सुरू झाल्यावर टाकीच्या गळतीखालची भिंत, उत्तरेकडची सावलीतली वीट, विहिरीचा कठडा. मुलं हमखास भिंतीवरचा निसरडा हिरवा थर खरवडून आणतात. तो मॉस नव्हे. भिंगातून बारीक पानं दिसली तरच मॉस. खालच्या मातीसकट उचला. उन्हाळ्यात सुकून काळपट झालेला मॉसही टाकू नका: वर्गात पाणी शिंपडा, बऱ्याचदा काही मिनिटांत पानं उघडून हिरवी दिसू लागतात. बहुतेक मॉसचं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं, त्यामुळे छेद न घेता तसंच पाण्याच्या थेंबात ठेवलं तरी पेशी मोजता येतात.

नेचे: रोपवाटिकेतला नेफ्रोलेपिस आणा. पानामागे कडेने ओळीत तपकिरी ठिपके असतात. मुलं त्यांना कीड समजतात. ते बीजाणुधानींचे पुंजके. पिकलेला पुंजका कोरड्या काचपट्टीवर खरवडा, सूक्ष्मदर्शकाच्या १०च्या भिंगाखाली धरा आणि आच्छादन न ठेवता ग्लिसरीनचा एक थेंब सोडा. ग्लिसरीन पेशींतलं पाणी ओढून घेतं, बीजाणुधानी हळूहळू मागे वाकते आणि झटक्यात मिटते. कोवळ्या, हिरवट पुंजक्यांत हे घडत नाही.

गोठेवाल्यांकडे चाऱ्यासाठी ॲझोला असतो, तोही नेचाच. त्याच्या पानामागे ठिपके शोधत बसू नका, मिळणार नाहीत. पान ठेचून ४०च्या भिंगाखाली ठेवा, आतल्या ॲनाबिनाच्या (एक नीलहरित जीवाणू) मण्यांसारख्या माळा दिसतात.

काचपट्टी

सालीचं सांगतो. कडुनिंबाच्या पानावर वेळ घालवू नका. कुंडीतला रिओ घ्या, ज्याचं पान खालून जांभळं असतं. पान तिरकं फाडा. फाटलेल्या कडेला जो पातळ, जांभळट पापुद्रा लोंबतो तेवढाच कापून लगेच पाण्यात टाका. गर येतो तो पान सरळ फाडल्यामुळे किंवा पान सुकलेलं असल्यामुळे. रिओला सॅफ्रानिनची (लाल रंगाची) गरज नाही, जांभळ्या पेशींत रंध्राभोवतालच्या हिरव्या रक्षक पेशी आपोआप उठून दिसतात. सकाळच्या सत्रात करा. तोडून ठेवलेल्या पानात रंध्रं मिटलेली असतात. आच्छादन काच तिरकी टेकवून हळू सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे येतात आणि मुलं त्यांचंच चित्र काढतात.

गवताच्या कुळातला नमुना म्हणून कडवळाचं (चाऱ्याच्या ज्वारीचं) पान घ्या, चाऱ्याच्या अड्ड्यावर मिळतं. त्याची साल निघत नाही. पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावा, १० मिनिटं पूर्ण वाळू द्या, वर चिकटपट्टी दाबून ओढा आणि ती तशीच काचपट्टीवर चिकटवा. ठसा उमटतो: रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या, ओळीत. रिओच्या पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या. दोन सूक्ष्मदर्शकांवर हे दोन नमुने लावून ठेवा आणि मुलं रांगेने फिरवा, ६० जण एका तासिकेत होतात.

कण्हेरीवर मात्र नेलपॉलिश चालत नाही. तिची रंध्रं पानाखालच्या केसाळ खळग्यांत दडलेली असतात, ठशात नुसते खड्डे येतात. त्यासाठी ब्लेडने आडवा पातळ छेदच घ्यावा लागतो आणि तो शिक्षकाने घ्यावा. कण्हेर विषारी आहे, हात धुवायला लावा.

बीज_अंकुर

अनावृत्तबीजी (बी उघडं, फळात नाही) राहिलं. मोरपंखी आणि सायकस, दोन्ही बागेत सापडतात. सायकस बऱ्याच ठिकाणी ‘पाम’ म्हणून विकतात, पण तो पाम नव्हे, पाम आवृत्तबीजी. सायकसच्या बिया विषारी असतात, मुलांच्या हातात देऊ नका.

मोठा सापळा सुरूच्या झाडाचा. सुयांसारखी ‘पानं’ आणि शंकूसारखं फळ बघून मुलं (आणि कधीकधी प्रकल्पाच्या वह्या तपासणारेही) त्याला अनावृत्तबीजीत टाकतात. सुरू आवृत्तबीजी आहे. त्या सुया म्हणजे बारीक फांद्या; सांध्यावर ओढली की सुटते आणि तिथे दातऱ्या खवल्यांचं कडं दिसतं, ती खरी पानं.

तसंच ‘जाळीदार शिरा म्हणजे द्विबीजपत्री’ (बीत दोन दलं) हा नियम अळूवर आपटतो. अळू एकबीजपत्री. एका लक्षणावर निकाल देऊ नये हे शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण नाही.

फळा_खडू

खूप आभार. फूल उघडून दाखवायला काय घ्यावं? आणि वाळवण्याचं कुणी सांगेल का?

रानवाटा

फुलासाठी एकेरी जास्वंद. दुहेरीत बरेच पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात, मोजणी बिघडते. धोतरा आणि रुई टाळा. धोतऱ्याचा रस डोळ्यांत गेला तर बाहुल्या विस्फारतात, रुईचा चीक डोळ्याला इजा करतो. गाजर गवत उघड्या हाताने उपटायला लावू नका, त्वचेला त्रास होतो.

एकदांडीचं ‘फूल’ सुईने उघडा: कडेची तीन दातांची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक फूल, मधली प्रत्येक पिवळी नळी हे दुसरं. सूर्यफुलाला हेच लागू.

दाबपेटी

काळं पडण्याचं कारण ओल. पान हळू वाळलं की पेशींतली द्रव्यं हवेशी संयोग पावून काळी होतात. पहिला कागद २४ तासांच्या आत बदलाच, मग एक दिवसाआड. वर्तमानपत्राच्या चकचकीत पुरवण्या वापरू नका, त्या पाणी शोषत नाहीत. वर पाटी आणि १०-१२ किलो वजन. सोलापूरच्या कोरड्या हवेत चार-पाच दिवस पुरतात, पावसाळ्यात आठ-दहा. नमुना गालाला लावून गार लागला तर अजून ओला आहे. निवडुंगासारखं गरदार काही असेल तर उभं चिरून क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवा, नाहीतर दाबपेटीतच जगत राहतं.

जुन्या पुस्तकांत मर्क्युरिक क्लोराईड लावायला सांगतात. शाळेत अजिबात नको, पारा आहे. पूर्ण वाळलेला नमुना पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला की कीड मरते. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर बाष्प धरतं. चिकटपट्टी पिवळी पडून सुटते. दोऱ्याने टाचा किंवा कागदी पट्ट्या लावा. आणि चिठ्ठीवर नुसतं ‘सोलापूर’ लिहिलेलं चालत नाही: जागा, जमीन कशी, तारीख, फुलाचा ताजा रंग. रंग उडतो, चिठ्ठी राहते.

बीज_अंकुर

माळ हाताशी आहे तर तो सोडू नका. चार मीटर सुतळीला मीटरमीटरवर गाठी, चार खुंट्या, की १ मीटरची चौकट तयार. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाच चौकटी तुडवलेल्या मैदानावर, पाच कुंपणाआड. प्रत्येक चौकटीतल्या वनस्पती जातवार मोजा; गवताचा ठोंब एक धरायचा, काड्या मोजायच्या नाहीत. मैदानावर हराळी आणि गोखरू जास्त, कुंपणाआड कुसळी, टाकळा, आघाडा असा फरक बहुधा पडतो. माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे, हे आकड्यांतूनच कळतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं, पण तिथे राखायचं आहे ते मुळात गवतच.

विविधता म्हणजे वेगवेगळ्या जातीच, असा मुलांचा समज असतो. मालदांडी ज्वारी आणि हुरड्याची गूळभेंडी, दोन्हींची कणसं शेजारी ठेवा: जात एकच, वाण दोन.

कुसळीचं पिकलेलं कुसळ ओल्या फडक्यावर ठेवलं की स्वतःभोवती फिरू लागतं, बी जमिनीत असंच शिरतं. काळी, पिळदार कुसळंच घ्या. हिरवी फिरत नाहीत.