बिडाच्या जुन्या फायरप्लेसचा रंग काढतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला १८९० च्या आसपासचं एक टेरेस घर (म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं) घेतलं. वरच्या दोन्ही बेडरूममध्ये छोट्या फायरप्लेस आहेत. चौकट, कमान, पुढचे गज सगळं बिडाचं, टाइल किंवा लाकूड कुठेच नाही. उंची जेमतेम माझ्या कमरेएवढी. आणि शंभर-सव्वाशे वर्षांत ज्याच्या हाती ब्रश आला त्याने त्यावर ऑइलपेंट फासलाय.

एका कोपऱ्यातला टवका निघाला तिथे थर मोजले: पांढरा, पिस्ता, परत पांढरा, चॉकलेटी आणि तळाशी काळपट धातू. त्या टवक्याखाली रुपयाएवढं सूर्यफूल निघालं, पाकळ्यांवरच्या बारीक रेघांसकट. इतके दिवस तिथे नुसता गोल फुगवटा दिसायचा. नवरा "पांढराच मारू परत" म्हणत होता, तो फूल बघून गप्प झाला.

मग मागच्या खोलीतल्या फायरप्लेसचा खालचा पट्टा जेल स्ट्रिपरने (रंग सोडवणारं घट्ट रसायन) साफ केला. दोनदा लावावं लागलं. दुधावरच्या सायीसारखा रंग सुरकुतला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढला की येत गेला. खाली सुंदर राखाडी बीड. इथवर छान होतं. पण हात स्वस्थ बसेनात, म्हणून साबणाच्या पाण्याने घासून धुतलं, फडक्याने पुसलं आणि झोपले. सकाळी अख्खा पट्टा नारिंगी!

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "बीडच ना ते? मग तेल लाव की, तव्याला लावतेस तसं." लावलं गोडेतेल. गंज थांबला, पण आठ दिवसांत चिकट राप चढला आणि त्यावर गालिच्याचा कीस जाऊन बसला. तवा रोज चुलीवर तापतो, ही बया तापतच नाही, हे ना तिच्या लक्षात आलं ना माझ्या.

आता हे तेल कशाने काढू? उरलेल्या रंगासाठी नवऱ्याने ड्रिलला लावायचा तारेचा गोल ब्रश आणलाय, तो चालेल का? शेवटी काळं पॉलिश लावावं की उष्णतेला टिकणारा काळा रंग मारावा? पुढे राख अडवणारी नक्षीची सुटी पट्टी असते (इथे फ्रेट म्हणतात), तिला तडा गेलाय, वेल्डिंग होईल का? आणि नाताळात एकदा तरी आत विस्तव पेटवता येईल का? घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, हेही सांगून ठेवते.

खारीबिस्कीट: ड्रिल आधी परत डब्यात ठेवा. इतक्या जुन्या घरातल्या खालच्या थरांत शिसं असणार असंच धरून चाला, इथे साठच्या दशकापर्यंत शिशाचे रंग सर्रास वापरात होते. कोरडं घासलं की ती धूळ घरभर होते आणि लहान मुलाचा हात सारखा तोंडात. हीट गनही नको, तापवलं की वाफारा होतो. जेल स्ट्रिपरच बरा: खिडकी उघडी, हातमोजे, मुलगा दुसऱ्या खोलीत, निघालेला चिखल ओला असतानाच पिशवीत. आणि टवके नखाने उकरू नका हो. दुकानात शिशाची चाचणी करायची कांडी मिळते, तिने आधी खात्री करून घ्या.

गंजका_खिळा: मी ब्रिस्टलला तीन केल्यात, त्यातली पहिली तुमच्यासारखीच नारिंगी झाली होती. बिडाला पाणी लागलं की गंज रात्रभरही थांबत नाही. तेल व्हाइट स्पिरिटने (टर्पेंटाइनसारखं, ऑइलपेंट पातळ करायला वापरतात ते) निघेल. गंज बारीक स्टील वूलने, तेही स्पिरिटमध्ये भिजवूनच. स्ट्रिपर धुवायला पाणी लागलंच तर लगेच हेअर ड्रायर फिरवा.

काळा रंग मारू नका असं माझं स्पष्ट मत. सूर्यफुलाच्या रेघा परत बुजतील. ग्रेट पॉलिश (ग्रेट म्हणजे फायरप्लेसची जाळी) घ्या, ते ग्राफाइटचं असतं. जुने लोक त्याला ब्लॅक लेड म्हणतात म्हणून घाबरू नका, आपल्या शिसपेन्सिलीत जितकं शिसं असतं तितकंच त्यात. अगदी कमी घ्या, नक्षीत टूथब्रशने भरा, वाळू द्या आणि बुटाच्या ब्रशने घासा. चकाकी घासण्याने येते, जास्त लावून नुसते हात काळे होतात.

तड्याचं म्हणाल तर साधं वेल्डिंग केलं की बीड शेजारीच दुसरीकडे तडकतं. निकेलच्या कांड्या, आधी तापवणं, मग हळूहळू निववणं, एवढं सगळं करणारा माणूस हवा. विस्तव पेटवणार नसाल तर मागून धातूचा इपॉक्सी पुरे. पट्टी सुटी आहे तर मागची बाजूही बघा. नक्षीच्या नोंदणीचा चौकोनी हिऱ्यासारखा छाप असेल तर ती नक्षी १८४२ ते १८८३ मधली, 'आरडी' (रजिस्टर्ड) आणि आकडा असेल तर १८८४ नंतरची.

खारीबिस्कीट: विस्तवाचं राहिलंच. धुराडं वरून बंद केलेलं असण्याची शक्यता जास्त. आधी स्वीपला (धुराडी साफ करणारा) बोलावून साफ करा, धूर सोडून तपासून घ्या, खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तुमचा भाग धूरनियंत्रण क्षेत्रात असेल तर उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड चालत नाही, फक्त मान्यताप्राप्त बिनधुराचं इंधन. धूर दिसला तर १७५ ते ३०० पौंडांपर्यंत दंड आहे.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. चाचणीची कांडी चॉकलेटी थरावर लाल झाली, ड्रिलचा ब्रश परत केला. पट्टीमागे 'आरडी' आणि सहा आकडे आहेत, म्हणजे घराच्या वयाशी जुळतंय. स्वीप बघून गेला, धुराड्याच्या तोंडावर सिमेंटची फरशी आहे म्हणाला, त्यामुळे नाताळात आत पणत्याच लावणार.

पॉलिश काल एका बाजूला लावलं. सूर्यफूल शाळेतल्या पाटीसारखं काळं चमकतंय आणि आईने ते बघून तव्याचा विषय परत काढलेला नाही. आता एकच अडलंय: गजांच्या मागच्या फटीत टूथब्रश पोचत नाही. तिथला रंग कोणी कशाने काढलाय?